फारियाचं ते एक वाक्य कापू नका

पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला, मांडवीच्या काठी एक पुतळा आहे. पायघोळ झगा घातलेला माणूस, दोन्ही हात पुढं ताणलेले, आणि त्याच्यासमोर मागं कलंडलेली एक बाई. मागच्या सुट्टीत माझी नऊ वर्षांची भाची तिथं थांबली आणि माझा हात ओढत म्हणाली, मावशी, हा तिला मारतोय का गं? मी म्हटलं नाही गं, झोपवतोय. तिला काही पटलं नाही, ती परत परत त्या हातांकडे बघत राहिली, आणि खरं सांगायचं तर तिच्या वयाची असताना मलाही तसंच वाटलं होतं.

हा पुतळा आबे फारियाचा, म्हणजे संमोहन करणाऱ्या एका गोव्याच्या पाद्र्याचा (आबे म्हणजे फ्रेंचमध्ये पाद्री). मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला, १९४५ चा. फारिया आपल्या बार्देशातल्या कांदोळीचा, जन्म १७५६, पूर्ण नाव जुझे कुस्तोदियो द फारिया. पण जगात त्याचं नाव जास्त माहीत आहे ते एका फ्रेंच कादंबरीमुळे, अलेक्झांडर ड्युमाच्या 'द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो'मुळे, जी १८४४ ते १८४६ या काळात पॅरिसच्या एका वर्तमानपत्रात क्रमशः छापून येत होती. ड्युमानं हे नाव उचललं, माणसाला इटालियन केलं, समुद्रातल्या शातो दीफ नावाच्या किल्ल्यात कोंडलं आणि सूडकथांच्या दुनियेतला सगळ्यात मोठा गुरू तयार केला.

मला आज जे बोलायचंय ते या गुरूबद्दल, आणि त्याचं आपण जे करून टाकलंय त्याबद्दल.

मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली ती मराठी संक्षिप्त रूपात, सातवीत असताना, शाळेच्या लायब्ररीतून आणलेलं शंभरेक पानांचं पुस्तक होतं. त्यात फारिया तीन पानांत येतो आणि मरतो. येतो, भुयार खणतो, गोष्टीचा नायक दांतेस याला शिकवतो, खजिन्याचा कागद देतो, संपला. मग दांतेस पळतो, श्रीमंत होतो आणि एकेका शत्रूला गाठतो. मला ते प्रचंड आवडलं होतं, रात्री पांघरुणात टॉर्च लावून वाचलं होतं. मूळ कादंबरीचं पूर्ण इंग्रजी भाषांतर हातात आलं ते कॉलेज संपल्यावर, आणि त्यात एका ठिकाणी मी थांबले, मागं गेले, परत वाचलं. त्या शंभर पानांतून हे कुणी गाळलं? का गाळलं?

प्रसंग असा आहे. एडमंड दांतेस, वय एकोणीस, जहाजावरचा खलाशी, लवकरच कॅप्टन होणार, मर्सेडिसशी लग्न ठरलंय, आणि वाङ्निश्चयाच्या जेवणातूनच त्याला पोलीस उचलतात. साल १८१५. कुणी अडकवलं, का अडकवलं, त्याला काहीच कळत नाही. वर्षानुवर्षं अंधारकोठडीत तो फक्त हाच विचार करतो आणि शेवटी अन्न खिडकीतून फेकून देऊन उपाशी मरायचं ठरवतो. तेवढ्यात भिंतीपलीकडून खरवडण्याचा आवाज येतो. तो फारिया. म्हातारा पाद्री, ज्याला जेलर लोक वेडा समजतात कारण तो सुटकेच्या बदल्यात कोट्यवधींचा खजिना देऊ करतो. तो समुद्राकडे निघायचं म्हणून पन्नासएक फूट खणत आला आणि हिशोब चुकल्यामुळे दांतेसच्या कोठडीत निघाला.

दांतेस त्याला आपली कहाणी सांगतो आणि फारिया वकिलासारखे प्रश्न विचारतो. तू कॅप्टन झाला नसतास तर कुणाचा फायदा होता? लग्न मोडलं असतं तर कुणाचा? तक्रारीच्या चिठ्ठीतलं अक्षर कसं होतं? उलटं कललेलं? मग तो स्वतः डाव्या हातानं दोन ओळी लिहून दाखवतो आणि दांतेस दचकतो, कारण अक्षर हुबेहूब तसंच. डाव्या हातानं लिहिलेली सगळी अक्षरं एकसारखीच दिसतात, फारिया शांतपणे म्हणतो. अर्ध्या-एक तासात तीन नावं बाहेर येतात. जहाजावरचा हिशोबनीस दांग्लार. मर्सेडिसवर डोळा असलेला फर्नांड. आणि सरकारी वकील व्हिलफोर, ज्यानं पुरावा म्हणून सापडलेलं पत्र दांतेसच्या समोर प्रेमानं जाळलं होतं, कारण ते पत्र व्हिलफोरच्या स्वतःच्या बापाच्या नावानं होतं.

दांतेस आपल्या कोठडीत जाऊन बसतो. कित्येक तास. जेलर येऊन जातो, तरी तो हललेला नसतो. मग फारिया त्याला बोलवायला येतो, कारण तो रविवार असतो आणि वेडा म्हणून फारियाला रविवारी जरा पांढरा पाव आणि थोडी वाईन मिळायची, ती वाटून खायला. म्हातारा त्या पोराचा चेहरा बघतो आणि म्हणतो की तुला हे सगळं उलगडून दिलं याचा मला आता पश्चात्ताप होतोय, कारण तुझ्या मनात आधी नव्हती अशी एक भावना मी घातली. कुठली ते तो सांगतो, सूडाची. दांतेस फक्त हसतो आणि म्हणतो, दुसरं काहीतरी बोलूया.

हेच ते वाक्य. संक्षिप्त पुस्तकात नव्हतं.

माझं म्हणणं असं आहे की ही सगळी बाराशे पानी कादंबरी त्या वाक्यावर उभी आहे, खजिन्यावर नाही, आणि जो कुणी ही गोष्ट मुलांसाठी, सिनेमासाठी, सिरीजसाठी कापतो त्यानं बाकी काहीही कापावं, हे कापू नये. कारण हे कापलं की गुरू म्हणजे नुसता ट्रेनर होतो. आणि आज आपल्या पडद्यावर सूडकथेतला गुरू नुसता ट्रेनरच आहे, बघा आठवून. डोंगरावर आश्रम, म्हातारा दाढीवाला, पोरगं दगड उचलतंय, पाणी भरतंय, लाथा मारायला शिकतंय, आणि एक दिवस गुरू म्हणतो, जा, आता तू तयार आहेस. कशासाठी तयार, हे त्या गुरूला विचारावंसं वाटत नाही. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. २००२ च्या इंग्रजी सिनेमात तर फारियालाच तलवारबाजी शिकवायला लावलंय, पुस्तकातला फारिया तलवारीला हातही लावत नाही.

आता कुणी म्हणेल की त्या सिनेमात फारिया मरताना सांगतो ना, खजिना सूडासाठी वापरू नकोस म्हणून. हो, सांगतो. पण तो उपदेश आहे. उपदेश करणारा बाहेर उभा असतो, त्याचे हात स्वच्छ असतात, ऐकलं तर तुझं भलं, नाही ऐकलं तर तुझं नशीब. पुस्तकातल्या फारियाचा पश्चात्ताप वेगळा आहे, तो म्हणतोय की यात माझा हात आहे. मी तुला उजेड दिला आणि त्या उजेडात तुला जे दिसलं त्याला मीही जबाबदार आहे. असं म्हणणारा गुरू मला आपल्याकडच्या गोष्टींतही फार सापडत नाही. द्रोणाचार्यांचंच घ्या. द्रुपदानं अपमान केला तो मनात धरून त्यांनी शिष्यांकडे गुरुदक्षिणा काय मागितली, तर द्रुपदाला बांधून आणा. कोवळी पोरं, त्यांच्या विद्येचा पहिला उपयोग गुरूचा सूड. अर्धं राज्य घेतलं. मग द्रुपदानं यज्ञ केला, द्रोणाला मारणारा मुलगा मागितला, तो धृष्टद्युम्न, आणि त्यालाही शस्त्रविद्या शिकवली ती द्रोणांनीच. त्यानं द्रोणांना मारलं, आणि अश्वत्थाम्यानं त्याला झोपेत मारलं. या सगळ्या साखळीत एकदा जरी कुणी गुरू म्हणाला असता की बाबांनो माझं चुकलं, मी तुमच्या मनात हे घातलं, तर? आपण लहानपणापासून ही कथा ऐकतो आणि ती गुरुदक्षिणेची मागणी आपल्याला खटकतसुद्धा नाही, एकलव्याच्या अंगठ्याबद्दल आपण निदान आता बोलतो तरी, पण त्या पोरांना सूडाला जुंपलं त्याबद्दल कुणी बोलत नाही.

बरं, मग फारियानं सांगायलाच नको होतं का? हा प्रश्न मला एका वाचनगटात एकीनं विचारला होता आणि तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नव्हतं, आज देते. सांगायलाच हवं होतं. दांतेसला नावं माहीत नव्हती तेव्हा तो काही शांत नव्हता, तो मरत होता. आपल्यावर अन्याय झालाय हे माहीत आहे पण कुणी केला, का केला हे माहीत नाही, या अवस्थेला शांती म्हणणं हा त्या माणसावर दुसरा अन्याय आहे. ज्याचं घर बुडालं, ज्याचं पोरगं गेलं, त्याला आपण पटकन सांगतो, जाऊ दे, विसर, देव बघून घेईल. फारिया असं म्हणत नाही. तो म्हणतो, चल, बघूया कुणाचा फायदा झाला. सत्य कळणं हा त्याचा हक्क होता आणि गुरूनं तो त्याला दिला. चूक तिथं नाही.

मग चूक कुठं? मला वाटतं चूक शोधायची तर ती शिष्याच्या घेण्यात आहे. त्याच संध्याकाळी, आणि हे मला फार भेदक वाटतं, त्याच संध्याकाळी दांतेस म्हणतो की तुम्हाला जे येतं ते मला शिकवा. गणित, पदार्थविज्ञान, इतिहास, तीनचार भाषा. फारिया म्हणतो की हे सगळं दोन वर्षांत शिकवीन, पण शिकणं म्हणजे जाणणं नव्हे, माहिती असलेला माणूस वेगळा आणि जाणता वेगळा, एकाला स्मरणशक्ती घडवते, दुसऱ्याला तत्त्वज्ञान. दांतेस माहिती सगळी घेतो. भाषा घेतो, शास्त्र घेतो, औषधं-विषं घेतो, खजिना घेतो. एक गोष्ट मात्र त्याच्या समोर घडूनही तो घेत नाही. पळून जायच्या वाटेवर एक पहारेकरी येतो, आणि फारिया म्हणतो की मी भिंत फोडली, ते ठीक, पण माणसाची छाती फोडणार नाही. इतकी वर्षं कोंडलेला म्हातारा, सुटका हाताशी, आणि तो एका अनोळखी शिपायाच्या जिवासाठी थांबतो. पहारेकऱ्याला न मारता कसं जाता येईल याच्या योजनेत मग आणखी कितीतरी महिने जातात आणि त्यातच त्याला तो झटका येतो ज्यानं त्याचा उजवा हात आणि पाय लुळा पडतो. म्हणजे त्या एका नकाराची किंमत त्यानं स्वतःच्या सुटकेनं मोजली. तलवार शिकवणारा गुरू दाखवणाऱ्यांनी हा प्रसंग एकदा वाचावा.

इथं मला पुन्हा खऱ्या फारियाकडे यावंसं वाटतं, आपल्या कांदोळीच्या, कारण मला वाटतं कादंबरीतल्या फारियाच्या पश्चात्तापाला उत्तर त्याच्याकडे आहे. तो वयाच्या पंधराव्या वर्षी बापाबरोबर लिस्बनला गेला, रोममध्ये शिकून पाद्री झाला. गोव्यात एक गोष्ट सांगतात, लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायला उभा राहिला आणि समोरचा थाटमाट बघून त्याची वाचाच बसली, तेव्हा मागून बाप कोंकणीत पुटपुटला, ही सगळी भाजी, कातर रे भाजी, आणि पोराची जीभ सुटली. खरं-खोटं काहीही असो, गोव्यातल्या पोराटोरांना ही गोष्ट पाठ असते. पुढं १८१३ पासून पॅरिसमध्ये त्यानं संमोहनाचे जाहीर प्रयोग केले. तेव्हा सगळे मेस्मर नावाच्या डॉक्टरच्या चुंबकी प्रवाहावर विश्वास ठेवणारे, म्हणजे संमोहन करणाऱ्याच्या अंगातून काहीतरी शक्ती निघते आणि समोरच्यात शिरते असं मानणारे. फारिया म्हणाला, तसं काही नाही. माझ्यात कसलीच शक्ती नाही, मी फक्त खुर्चीत बसवतो, मन एकाग्र करायला सांगतो आणि म्हणतो, झोपा. जे होतं ते झोपणाऱ्याच्या आतून होतं. १८१९ मध्ये त्यानं यावर पुस्तक लिहिलं आणि त्याच वर्षी तो गेला, गरिबीत आणि लोकांच्या टिंगलीत. आज संमोहनशास्त्रात त्याचं नाव आदरानं घेतात.

आता हे त्या वाक्याशेजारी ठेवून बघा. कादंबरीतला फारिया म्हणतो, मी तुझ्या मनात आधी नव्हतं ते घातलं. खरा फारिया म्हणाला असता, कुणी कुणाच्या मनात काही घालू शकत नाही, होतं तेच वर आलं. मला दोघंही हवे आहेत, दोघांपैकी एकाला खोटं पाडायची मला गरज वाटत नाही. गुरूनं म्हणावं की मी घातलं, शिष्यानं म्हणावं की माझ्यातच होतं, असं झालं तर दोघंही आपापल्या वाट्याची जबाबदारी घेतात. घोटाळा तेव्हा होतो जेव्हा उलटं होतं, गुरू म्हणतो मी फक्त विद्या दिली पुढचं त्याचं तो, आणि शिष्य म्हणतो मला गुरूनंच, देवानंच पाठवलंय.

आणि दांतेस नेमकं हेच म्हणतो. तो स्वतःला देवाचा हात समजायला लागतो. त्याहून वाईट, तो सूडाच्या कामासाठी जे वेश घेतो त्यातला मुख्य वेश पाद्र्याचा, आबे बुसोनीचा. ज्या झग्यानं त्याला अंधारातून काढलं तोच झगा घालून तो लोकांचे कबुलीजबाब काढतो. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हे मला हुशारीचं वाटलं होतं, आता वाचताना अंगावर काटा येतो.

मग एक मूल मरतं. व्हिलफोरच्या घरात दांतेसनं जे विष पेरलं, म्हणजे व्हिलफोरच्या बायकोशी गोडगोड गप्पा मारत विषांची माहिती दिली, ते फिरत फिरत तिच्या लहान मुलापर्यंत, एदुआरपर्यंत येतं. याच पोराला दांतेसनं आधी एकदा लाल औषधाच्या एका थेंबानं शुद्धीवर आणलं होतं. फारियाच्या झटक्यावरही तसंच लाल औषध होतं, लहान कुपीत, आणि तिसऱ्या झटक्याला ते चाललं नव्हतं. आता दांतेस त्या पोराला उचलून दुसऱ्या खोलीत नेतो, दार लावून घेतो, पाव तासानं बाहेर येतो तेव्हा चेहरा पांढराफटक, हातात मेलेलं मूल. ते तो आईच्या प्रेताशेजारी ठेवतो, डोकं तिच्या छातीवर. आणि त्याला पहिल्यांदा शंका येते की आपल्याला हा अधिकार होता का.

शंका आली की माणूस कुठं जातो? गुरूकडे. तो शातो दीफला परत जातो, पैसे देऊन बघणाऱ्या पाहुण्यासारखा, आणि तिथला माणूस त्याला त्याचीच गोष्ट सांगतो, तो कोण आहे हे न ओळखता. फारियानं कापडाच्या पट्ट्यांवर लिहिलेला ग्रंथ तो त्याला देतो. वर बायबलमधली एक ओळ असते, राक्षसी प्राण्यांचे दात उपटशील, सिंह पायाखाली तुडवशील अशा अर्थाची. दांतेस ती वाचतो आणि म्हणतो, हेच माझं उत्तर.

मला इथं त्याच्याशी भांडावंसं वाटतं. ती ओळ इटलीच्या एकीवरच्या ग्रंथाची आहे रे बाबा, तुझ्या सूडाची नाही! पण त्यानं हवं ते वाचलं. गुरू नाही, गुरूचा रविवारचा चेहरा नाही, फक्त कापडावरची शाई आहे, आणि शाईतून आपण हवं ते काढू शकतो. आपल्याकडे ग्रंथांच्या ओळी काढून एकमेकांची डोकी फोडणारे लोक काय वेगळं करतात?

आणि तरीसुद्धा, कापडाच्या पट्ट्या घेऊन तो रोमला जातो आणि तिथं दांग्लारला सोडतो. दांग्लार दरोडेखोरांच्या गुहेत भुकेनं तडफडतोय, एका कोंबडीला एक लाख फ्रँक मोजतोय, कारण दांतेसचा बाप उपाशी मेला होता आणि त्याची ती परतफेड चाललीय. पण दांतेस म्हणतो की मी तुला माफ करतो, कारण मलाही माफीची गरज आहे. कुठून आलं हे? त्या ओळीतून तर नाही आलं. मला वाटतं त्या मेलेल्या मुलामुळे आलं, आणि त्याच्याही मागून, किती वर्षांपूर्वी ऐकून हसण्यावारी नेलेल्या त्या पश्चात्तापातून. गुरूचा शब्द लगेच कामाला आला नाही. पडून राहिला. पण गुरू स्वतः आधी म्हणाला होता की माझं चुकलं, म्हणून शिष्याला पुढं कधीतरी तेच म्हणता आलं.

हे मी ठामपणे मानते आणि म्हणूनच मला त्या संक्षिप्त पुस्तकांचा राग येतो. सातवीतल्या मला सूडाची चव कळली, पश्चात्तापाचं पान मिळालंच नाही. मुलांना कळणार नाही म्हणून कापलं असं कुणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. मुलांना एवढंच सांगायचंय की म्हातारा पाव घेऊन आला, पोराचा चेहरा बघितला, आणि म्हणाला, अरे, माझं चुकलं का? यात न कळण्यासारखं काय आहे?

त्या दिवशी पणजीहून परत येताना बसमध्ये मी भाचीला हा प्रसंग सांगितला, माझ्या शब्दांत, नावं जरा सोपी करून. डाव्या हातानं लिहिण्याचा भाग तिला इतका आवडला की तिनं तिकिटाच्या मागच्या बाजूला लगेच लिहून बघितलं. मग रविवारचं सांगितलं. ती जरा वेळ खिडकीबाहेर बघत होती, मग म्हणाली, पण त्यानं सांगितलं नसतं तर त्या मुलाला कधीच कळलं नसतं ना. मी म्हटलं, नसतं कळलं. मग ती म्हणाली, मग तो सॉरी का म्हणाला?

म्हापसा येईपर्यंत आम्ही दोघी त्यावरच बोलत होतो.